शाल, नारळ आणि मधला पडदा

माझं आणि माझ्या साडूचं तीन वर्षं बोलणं बंद होतं, त्यामुळे आमच्या दोन्ही घरांत अगदी शांतता होती.

साडू म्हणजे दिलीपराव. माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, धाकट्या बहिणीचे यजमान. (वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाजाने मोठे.) लंडनमध्ये, वेम्बलीत, आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. भांडणाचं कारण अत्यंत गंभीर होतं. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जुन्या कार्यकर्त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. शेवटून दुसरं नाव दिलीपरावांचं, शेवटचं माझं. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. माझी पाळी आली आणि शाली संपल्या! भर स्टेजवर मी मान वाकवून, खांदे पुढे करून उभा, आणि हातात नुसता नारळ. शाली आणायचं काम कोणाकडे होतं? दिलीपरावांकडे! तरी मी त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. (दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, की काही लोक फायनान्समध्ये नोकरी करतात पण त्यांना शाली मोजता येत नाहीत.)

महिन्याभरात एका मंडळाची दोन मंडळं झाली. एकाचा अध्यक्ष मी. लोकशाही मार्गाने, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं. दुसऱ्याचे अध्यक्ष दिलीपराव, त्याच मार्गाने. नाव सोडायला कोणीच तयार नाही, म्हणून दोन्हीकडे नाव तेच. दोन्ही बॅनरांवर खाली कंसात 'मूळ' असं लिहिलेलं.

वैशाली आणि तिची बहीण रेवती मात्र रोज तासभर फोनवर बोलत होत्या आणि शनिवारी ईलिंग रोडवर एकत्र भाजी आणत होत्या. मी एकदा वैशालीला म्हटलं, "अगं, काही निष्ठा वगैरे?" ती म्हणाली, "निष्ठा आहे ना. म्हणून तर तुम्हाला आवडते ती गवार शोधत फिरते."

तर अशा सुखाच्या दिवसांत आमच्या ईराने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका कन्येने, एक उद्योग केला. ती सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला आहे, तिला ह्यूमन राइट्सची वकील व्हायचंय. (घरातल्या वादात ती कायम आईचं वकीलपत्र घेते, त्यामुळे सराव भरपूर.) युद्धातून सावरणाऱ्या देशांमधली मुलं इकडे येतात, इथली तिकडे जातात, आणि मिळून मानवी हक्क शिकतात, अशा एका कार्यक्रमात तिने नाव घातलं. आधी बोस्नियाहून एक मुलगी आमच्याकडे आठवडाभर राहणार आणि सगळं नीट झालं तर हाफ-टर्मच्या सुट्टीत ईरा बोस्नियाला जाणार.

"बाबा, हा माझा संधी आहे," ईरा म्हणाली. (तिच्या मराठीत जग पुरुषांनी भरलेलं आहे.) "प्रोग्रॅमची ती फियोना येऊन बघणार आहे, होस्ट फॅमिली पीसफुल आहे की नाही. कॉन्फ्लिक्ट दिसला तर मला ड्रॉप करतील."

"कॉन्फ्लिक्ट? आपल्या घरात?"

"तू दिलीपकाकाशी बोलत नाहीस."

"म्हणूनच तर कॉन्फ्लिक्ट नाही!"

"बाबा, प्लीज. मला खरंच जायचंय. वन वीक, फक्त नॉर्मल वाग."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. वचन द्यायला मी पहिल्यापासून शूर आहे.

एमिना आली. एकोणीस वर्षांची, उंच, हसरी, आमटी वाटीने पिणारी. तिच्या देशातलं युद्ध तिच्या जन्माआधीच संपलेलं. तो विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि पहिल्याच जेवणाला काढला. ती शांतपणे सांगत होती (अर्थात इंग्रजीत). तिच्या गावात शाळेची इमारत एक, पण तिच्यात शाळा दोन. इकडच्या मुलांचं दार वेगळं, तिकडच्यांचं वेगळं. शिक्षक वेगळे, मधल्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या, म्हणजे मुलं एकमेकांना दिसायलाच नकोत.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "एकाच छपराखाली? लहान मुलांना? आणि ही मोठी माणसं काय करत असतात? त्यांना लाज नाही वाटत?"

स्वयंपाकघरात वैशालीला अचानक मोठा खोकला आला.

मग मी एमिनाला आपल्या संस्कृतीतल्या सलोख्याबद्दल सांगितलं. पोळी संपेपर्यंत सांगितलं, मग भात संपेपर्यंत सांगितलं. ईरा टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. मला वाटलं, अभिमानाने देतेय.

दोन दिवसांनी एमिना मला म्हणाली, "एक विचारू? आपण फिरायला निघालो की समोरून ते मिशीवाले गृहस्थ येतात. ते दिसले की तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधता."

"हो, सुटते माझी."

"आज तुम्ही चपला घातल्या होत्या."

मी विषय बदलून हवेवर आणला. या देशात हवा त्यासाठीच आहे.

शनिवारी आमच्या मंडळाचा गणपती होता. मी फियोनाला आग्रहाने बोलावलं. म्हटलं, या, एखादा समाज परदेशात किती गुण्यागोविंदाने राहतो ते डोळ्यांनी बघा. प्रमुख पाहुणी एमिना, शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार, आणि त्यानंतर माझं भाषण. विषय: 'सलोखा, आमची परंपरा'. फियोना खूश, ईरासुद्धा जरा सैलावलेली. मी नवा झब्बा घालून, मूर्ती हातात घेऊन चर्चच्या हॉलवर पोचलो, तर दारात दिलीपराव. नवा झब्बा. हातात मूर्ती!

हॉल सांभाळणारा कीथ आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "तुम्ही दोघं वेगवेगळे आहात?" तो म्हणाला. "नाव एक, पोस्टकोड जवळजवळ एक, दिवस एक. मला वाटलं, एकाच संस्थेची माणसं पुन्हा पुन्हा फोन करून खात्री करून घेताहेत. म्हटलं, किती काळजी घेणारे लोक!"

आता मला सांगा, यात कीथची काय चूक? 'मूळ' हा शब्द कंसात लिहून फोनवर कसा सांगणार!

"ईरा, तुझ्या काकांना सांग," मी म्हणालो, "हॉल आमचा आहे."

"ईरा बेटा, तुझ्या बाबांना सांग," दिलीपराव दीड हातावरून म्हणाले, "आम्ही आधीपासून इथे उभे आहोत."

ईराने कोणालाच काही सांगितलं नाही. ती फियोनाच्या गाडीकडे बघत होती, जी नेमकी तेव्हाच आत वळत होती.

कीथ व्यवहारी माणूस. हॉलच्या मधोमध एक जाड, मेंदी रंगाचा पडदा होता. आठवड्यात एरवी त्याच्या एका बाजूला आजीबाईंचा योगा आणि दुसऱ्या बाजूला तान्ह्या मुलांचा प्लेग्रुप चालायचा. त्याने तो सर्रकन ओढला. "झालं! हे तुमचं, हे तुमचं. स्वयंपाकघर मात्र एकच आहे."

आणि अशा रीतीने, एकाच छपराखाली, दोन दारांनी, दोन मराठी मंडळं आत गेली. एमिना थबकली. दोन्ही दारांकडे तिने एकदा पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबत होती की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

आरत्या एकाच वेळी सुरू झाल्या. त्यांच्याकडे माइक, आमच्याकडे झांजा. त्यांनी आवाज वाढवला, आम्ही लय वाढवली. त्यांनी ढोलकी काढली, तेव्हा मी आमच्या पोरांना टाळ्या सोडून टेबलं वाजवायला सांगितलं! आम्ही शंकराच्या आरतीला पोचलो तेव्हा ते देवीवर होते, आणि आमच्याकडचे लेले काका (कानाने जरा कमी) आमच्या बाजूला उभं राहून मनोभावे त्यांची आरती म्हणत होते. शेवटी प्लेग्रुपच्या भिंतीवरचं कागदी अस्वल खाली पडलं, तेव्हा दोन्ही बाजू दमून थांबल्या.

मग प्रसाद. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उकडीचे मोदक आले. मी पडद्याच्या फटीतून डोकावलो (शत्रूची तयारी बघायला), तर त्यांच्याकडेही तेच मोदक. कळ्या तशाच, केळीचं पान तसंच, एवढंच काय, वरचं केशरही तसंच! मी स्वयंपाकघरात धावलो. वैशाली आणि रेवती एकाच पातेल्यापाशी उभ्या.

"हे काय चाललंय?"

"उकड एकदाच काढली," वैशाली म्हणाली. "दोनदा कोण मळत बसणार?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? एकच हॉल, एकच दिवस?"

"बुकिंग झालं त्याच दिवशी कळलं," रेवती म्हणाली. "पण भाऊजी, तुम्ही दोघं बोलत नाही ना. मग आम्ही मधे कशाला पडायचं!"

मी काही उत्तर देणार, तोच पडद्यापलीकडून दिलीपरावांचा माइक गरजला, "आणि आता आपल्या प्रमुख पाहुण्या, थेट बोस्नियाहून आलेल्या कुमारी एमिना!"

माझी पाहुणी! माझ्या घरी, माझी आमटी पिणारी! रेवतीने तिला परस्पर बोलावलं होतं आणि त्या भल्या पोरीने दोघांनाही हो म्हटलं होतं. ती तिकडे गेली, शाल-नारळ घेतला, पडद्याच्या फटीतून इकडे आली, आमचा शाल-नारळ घेतला. दोन शाली, दोन नारळ आणि मधे ती. फियोना पडद्याच्या टोकाशी एक डोळा इकडे आणि एक तिकडे ठेवून उभी होती. मी भाषणाचा कागद उघडला. 'सलोखा' हा पहिलाच शब्द होता. तो न वाचताच मी कागदाची घडी घातली.

कारण समोर ईरा उभी होती. डोळे भरलेले. "गेला माझा बोस्निया, बाबा," ती हळूच म्हणाली. अख्खं वर्ष पोरगी या एका गोष्टीसाठी झटली होती, आणि आम्ही दोघा बाप्यांनी कागदी अस्वलासकट सगळं खाली पाडलं होतं.

तेवढ्यात एमिनाने नारळ लेले काकांच्या मांडीवर ठेवले आणि पडदा हाताने बाजूला ओढला. दोन्ही मंडळं एकमेकांसमोर उघडी पडली.

"मला शाळेची आठवण आली," ती म्हणाली. ईरा नाक पुसत तिचं बोलणं मराठीत सांगू लागली. "आमच्याकडेही दोन दारं आहेत. पण त्या दारांमागे माणसं मेली आहेत. माझ्या आजीच्या घरासमोरची बाई अजून आजीशी बोलत नाही, आणि आजीही तिच्याशी नाही. दोघींची कारणं मला माहीत आहेत. मी त्यांना कधी 'बोला' म्हणू शकले नाही." एमिना आम्हा दोघांकडे वळली. "तुमचं कारण काय?"

दिलीपराव छताकडे बघू लागले. मी खाली बुटाची नाडी शोधली. पायात कोल्हापुरी होती.

आणि एरवी काही ऐकू न येणाऱ्या लेले काकांना नेमकं हेच ऐकू आलं. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "शाल! याला शाल मिळाली नव्हती!"

ईराने भाषांतर केलं. एमिनाने पुन्हा विचारलं. ईराने पुन्हा तेच सांगितलं. माझ्या आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

एमिनाने खांद्यावरची एक शाल काढली आणि माझ्या अंगावर घातली. सवयीने मी मानही वाकवली! दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल नेमकी दिलीपरावांच्या मंडळाची होती. ते दोन पावलं पुढे आले.

"शोभते हो तुम्हाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जरा लांडी आहे," मी म्हणालो.

तीन वर्षांतलं आमचं पहिलं संभाषण ते एवढंच. त्या दोघी बहिणी खिडकीत उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

जाताना फियोनाने ईराला जवळ घेतलं. ईराची निवड पक्की! "अशा वातावरणात वाढलेली आणि तरीही भाषांतर करायला उभी राहणारी मुलगी आम्हाला हवीच आहे," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून फार आदराने म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी बोस्नियाची पूर्ण टीम आम्ही वेम्बलीला पाठवू. सावरणाऱ्या समाजांसोबत काम करायचा त्यांना चांगला अनुभव आहे."

"सावरणाऱ्या?" मी आणि दिलीपराव एका सुरात ओरडलो. "आम्ही?"

त्या अपमानाने आमची एकजूट झाली. तिथल्या तिथे निषेधासाठी संयुक्त शांतता समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण, एवढंच ठरायचं राहिलं. दिलीपराव म्हणतात, शाल त्यांची होती, म्हणून ते. मी म्हणतो, अन्याय माझ्यावर झाला, म्हणून मी. समिती तूर्त तिसरं मंडळ म्हणून काम करते आहे.

ईरा बोस्नियाहून परत आली. तिथल्या त्या शाळेतली दोन्ही दारांची मुलं आता मिळून एक नाटक बसवताहेत म्हणे. परवा कीथचा फोन आला, यंदा पडदे किती लावू? मी दोन सांगितले. आणि खबरदारी म्हणून, शाल मी घरूनच घेऊन जाणार आहे.