रोझिनाचं आभाळ

रोझिना वुथ्रिख आणि मी बर्नमध्ये एकाच कारखान्यात कामाला होतो. मास्तर एशलिमान डोंगरांची चित्रं छापून आणत आणि आम्ही सात बायका ती रंगवायचो. प्रवासी ती विकत नेत. कामं वाटलेली होती. माझ्याकडे झाडं, रोझिनाकडे आभाळ. चौदाव्या वर्षी ती आली तेव्हा मास्तर म्हणाले, "वरून खाली निळा पातळ करत आणायचा. डोंगर लागला की थांबायचं." हे तिचं शिक्षण. ते अकरा वर्षं चाललं.

एकदा तिने विचारलं, "मास्तर, डोंगर कधी शिकवणार?"

"डोंगर बार्बारा करते."

"आणि ती थकली की?"

समोर बसलेली बार्बारा मान वर न करता म्हणाली, "माझी तब्येत चांगली आहे गं."

पुढे फोटो निघाले, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि कारखाना बंद झाला. मी एका पाववाल्याशी लग्न केलं. रोझिना एमेंटालच्या खोऱ्यात भावाकडे गेली आणि त्याच्या गोठ्याचं चित्र काढत बसली. रोज तोच गोठा. भाऊ म्हणायचा, "बरा आलाय. पण कालच्यापेक्षा एक दार जास्त आहे." तीन वर्षांनी दारं जमली.

मग शेजारच्या हेनीने आपलं घर काढून मागितलं. चित्र बघून तो म्हणाला, "घर बरोबर. गायी बरोबर. हे वर काय आहे?"

"आभाळ."

"आमच्याकडे असं नसतं, बाई."

"अकरा वर्षं शिकलेय मी हे."

"असाल. पण जरा बाहेर बघा."

बाहेर भुरभुर चालू होती. रोझिनाला फार राग आला, आधी हेनीचा, मग मास्तरांचा. नऊ दिवस ती अंगणात बसून नुसतं वर बघत होती. मला तिने पत्रात लिहिलं, "करडे रंग इतके असतात हे मला कुणी सांगितलंच नाही."

नवं चित्र हेनीने बराच वेळ पाहिलं. "उद्या गवत कापता येणार नाही," तो म्हणाला आणि खिळा आणायला गेला.

त्यानंतर रोझिनाने त्या खोऱ्यातली चाळीसेक घरं काढली, सगळी ढगाखाली. ती गेली तेव्हा मी मातीला गेले होते. परतताना हेनीकडे टेकले. त्याच्या सुनेने बटाट्याची रोश्टी वाढली. चित्र शेगडीच्या वर भिंतीला होतं, धुराने थोडं काळवंडलेलं.

"त्या डावीकडच्या दोन गायी," हेनी म्हणाला, "अजून ओळखू येतात."