गाझाच्या नातीचं बारसं

आमच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला खाली बोलावून घेतलं. एक परदेशी जोडपं खोली बघायला आलं होतं आणि बाईंना दोघांचं बोलणं समजत नव्हतं. बाई पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातल्या. आज आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचा काकडीचा मळा होता. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते, रोज इंग्रजीत चार ईमेल लिहिते, एवढ्यावर बाईंनी मला दुभाषी नेमलं होतं.

नवरा पुण्याच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. बायको त्याच्या शेजारी हात बांधून उभी होती, पंचविशीची असेल. बाईंनी गाव विचारलं. तो म्हणाला, गाझा. तिकडे लढाई सुरू होऊन बरेच महिने झाले होते आणि बाईंच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, थेट मुलीला विचारलं, "तुझी आय कुठं हाय?"

मी प्रश्न सांगितला. मुलगी म्हणाली, आईवडील आणि दोन बहिणी तंबूत आहेत, समुद्राजवळ. घर पडलं. त्यानंतर तीनचारदा जागा सोडून पळावं लागलं. एवढं तिने आपला पत्ता सांगावा तसं सांगितलं. बाई उठल्या. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, पाणी सकाळचंच येतंय. भरून ठेवत जा म्हणावं."

आमची खरी ओळख गच्चीवर झाली. माझी सुट्टी गुरुवारी असते. कपडे वाळत घालायला गेले की ती पाण्याच्या टाकीजवळ फोन घेऊन बसलेली असायची. तिकडून फोन कधी लागेल याचा नेम नसायचा. कुणीतरी सोलर पॅनेलवर तिच्या आईचा फोन चार्ज करून द्यायचं, मग आई नेटवर्क मिळेल त्या उंचवट्यापर्यंत चालत जायची. तिथे उभं राहून ती जे बोलायची ते ऐकून मुलगी मला सांगायची, कधी इंग्रजीत, कधी मालिका बघून शिकलेल्या हिंदीत. पाण्याचा टँकर येतो तेव्हा लहान बहीण डबे घेऊन रांगेत उभी राहते. गॅस नाही, म्हणून मोडलेल्या दारांची लाकडं जाळून मसूर शिजवतात. पीठ मिळालं तर त्यात मसूर दळून घालतात, म्हणजे भाकऱ्या वाढतात. वडिलांची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड झाली आहे. ज्या शाळेत ही शिकली तिथे आता वर्गावर्गात पडदे लावून कुटुंबं राहतात.

पण ती एवढंच सांगत नसे. कधी फोन ठेवल्यावर पोट धरून हसायची. एकदा म्हणाली, शेजारच्या तंबूतल्या बाईने आमच्या आईशी भांडण काढलंय, कारण आमचा कोंबडा पहाटे तिच्या उशाशी येऊन ओरडतो. इतक्या वेळा पळापळ झाली, पण वडिलांनी तो कोंबडा सोडला नाही. त्याला कापायची कुणाची छाती होत नव्हती.

उन्हाळा लागता लागता तिला दिवस गेल्याचं कळलं. ती घाबरत घाबरत मला सांगायला आली आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते. तिला डोहाळे लागले ते कोवळ्या हिरव्या बदामांचे. तिच्या आजोळच्या अंगणात झाड होतं, म्हणे, मीठ लावून सालीसकट खायचे. पिंपळे गुरवमध्ये हिरवे बदाम मी कुठून आणणार? भाजीवालीकडून तोतापुरी नव्हे, चांगली आंबट गावठी कैरी आणली, चिरली, तिखटमीठ लावून दिली. तिने पहिली फोड तोंडात टाकली आणि डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, फारच आंबट निघाली. तिने डोळे न उघडता हात पुढे केला, आणखी दे म्हणून.

पुढे मात्र तिचं खाणं तुटलं. तिकडे अन्नाचे फारच हाल सुरू झाले होते. आई सांगत नसे, पण आवाज बारीक झाला होता आणि व्हिडिओत दिसलेली बहीण हिला ओळखू आली नव्हती. ही ताट वाढून घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची. नवरा हैराण झाला होता. तो एकदा ते झाकलेलं ताट घेऊन माझ्या दारात आला.

त्याच सुमारास माझी आई लातूरकडून राहायला आली होती. आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी शाळेत होते. आधी ताडपत्रीत आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बराच काळ काढला. आईने वरच्या मुलीची हकिकत ऐकली आणि भाकरी, मेथीची भाजी आणि दही घेऊन ती जिना चढली. मीही मागोमाग गेले, कारण भाषेचा प्रश्न होता. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि लातूरच्या बोलीत बोलू लागली. मी जमेल तसं हिंदीत सांगत गेले.

"आमी शेडमध्ये होताव तवा माझी माय सोलापुरात होती," आई म्हणाली. "माझ्याकडं काय शिजतंय ह्येची तिला काळजी. कुणी सांगितलं की लेक जेवली, तर तिच्या घशाखाली घास उतरायचा. तू उपाशी राहू लालीस, तर तुझी माय दोन वेळा उपाशी राहायली बघ."

मुलीने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. म्हणाली, मी जेवले हे आईला कोणत्या तोंडाने सांगू? आई म्हणाली, तिलाच विचार की.

तिने विचारलं. दोन दिवसांनी ती खाली आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिची आई तिच्यावर चिडली होती. आजपासून रोज ताटाचा फोटो पाठवायचा, असा हुकूम होता. बाळ माझं पण आहे, त्याला मी इथून भरवू शकत नाही, निदान बघू तरी दे, असं म्हणाली होती. तेव्हापासून रोज ताटाचे फोटो जाऊ लागले. नेटवर्क आलं की ते एकदम पोहोचायचे. तिची आई ते शेजारणींना दाखवायची आणि मग तिकडून प्रश्न यायचे. ही काळी चटणी कसली? कारळ्याची. पिवळं काय आहे? पिठलं. ते कशाचं करतात? हरभऱ्याच्या पिठाचं. त्यावर त्या सगळ्या बायकांत आपापला मसाला सांगण्यावरून वाद झाला, म्हणे. घरात पीठ नसलेल्या बायका आमच्या पिठल्यात काय घालावं यावर भांडत होत्या. हे सांगताना मुलगी हसत होती आणि मला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी हसलेच.

पावसाळा सरता सरता ती बाळंत झाली. मुलगी झाली. मी कंपनीच्या बसमधून परतत होते, मोशीच्या आसपास तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं, तो नुसता "ताई, ताई" करत होता. मी बसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. ज्या बायकांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण तिकडे मात्र हे कळवताच आलं नाही. त्या भागातलं नेटवर्क पूर्ण बंद पडलं होतं. रोज निरोप जायचे आणि एकाच बरोबरच्या खुणेवर अडकून राहायचे, पोहोचायचेच नाहीत. बाळंतीण घरी आली. माझी आई शेक, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर यांच्या मागे लागली. ती मुकाट सगळं खायची आणि फोन उशाशी ठेवायची. त्यांच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. तो दिवस त्यांनी फोनची वाट बघण्यात घालवला. आजीला कळल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

मालकीणबाई बाळ बघायला वर आल्या तेव्हा हे त्यांना कळलं. म्हणाल्या, मग बाराव्या दिवशी करू, आमच्यात बाराव्या दिवशीच असतं, तोवर फोनही लागेल. मी जरा बिचकत तिच्या नवऱ्याला विचारलं, चालेल का? तो बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला. म्हणाला, आमचा दिवस हुकला, तर तुमचा उसना घेतो.

बाईंनी माळ्यावरून त्यांच्या घरचा सागवानी पाळणा काढायला लावला. तो पुसून घेतला, त्याच्या पितळी कड्या चिंच लावून घासल्या. इमारतीतल्या बायकांनी झेंडूच्या माळा केल्या. स्वयंपाक मात्र नवऱ्याने कुणाला करू दिला नाही. तो म्हणाला, आमच्याकडे आनंदाच्या दिवशी मकलूबा करतात. मोठ्या पातेल्यात खाली तळलेली वांगी, फ्लॉवर, बटाटे लावायचे, वर तांदूळ आणि मसाला, आणि शिजल्यावर सगळं परातीत उलटं करायचं. बाईंचा शाकाहार लक्षात ठेवून त्याने मांस टाळलं होतं. पातेलं उलटं करायची वेळ आली तेव्हा सगळी इमारत त्या खोलीत दाटीवाटीने उभी होती. त्याने पातेल्यावर परात ठेवली, पालथं केलं, बुडावर थापट्या मारल्या आणि आम्हालाही मारायला लावल्या. पातेलं उचललं तर वांग्याच्या चकत्यांचा मुकुट घातलेला भात जसाच्या तसा उभा. माझी आई कौतुकाने म्हणाली, "उलटा करून सरळ निघाला की."

तिकडून फोन अजून आला नव्हता, पण बाळाला आणखी बिननावाचं ठेवायला नको, असं मुलगीच म्हणाली. मग अडचण आली आत्याची. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि नवऱ्याची बहीण गाझातच, दुसऱ्या एका छावणीत. बाई पदर खोचून पुढे झाल्या. "मी हाय की आत्या. आमी काय परके न्हाई." बायका पाळणा म्हणू लागल्या. बाईंनी बाळाला उचलून घेतलं आणि नाव नीट म्हणता यावं म्हणून त्या बाळाच्या आईकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेत होत्या. त्या नावाचा अर्थ दंव असा आहे.

तेवढ्यात फोन वाजला.

पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. मुलीने दोन्ही हातांनी फोन उचलला. पडद्यावर तिची आई आली. गालफडं बसलेली, उन्हाने काळवंडलेली, मागे वाऱ्याने फडफडणारं करडं कापड. अडकलेले निरोप नुकतेच तिच्यापर्यंत पोहोचले होते. मुलीने फोन सरळ बाळाच्या तोंडासमोर धरला. ती बाई बघत राहिली. मग तिने तोंडाजवळ हात नेला आणि जीभ हलवत एक लांब, उंच, थरथरता आवाज काढला. तसा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मी दचकले. पाठोपाठ तिच्या आजूबाजूच्या तंबूंतून तसेच आवाज उठले, पाच, दहा, किती कोण जाणे. नवरा डोळे पुसत आम्हाला सांगत होता, ही आनंदाची आरोळी आहे, लग्नात आणि जन्माला देतात. मालकीणबाईंनी लगेच तशी आरोळी द्यायचा प्रयत्न केला. निघालं ते काहीतरी भलतंच, आणि तिकडचे तंबू हसले. मला ते हसू स्पष्ट ऐकू आलं.

बाईंनी फोनच्या साक्षीने बाळाच्या कानात नाव सांगितलं. आम्ही कुर्र करून आत्याच्या पाठीत बुक्के घातले, तेव्हा तिकडच्या आजीने घाबरून विचारलं, त्या बाईला का मारताहेत? समजावता समजावता मुलीची पुरेवाट झाली.

मग माझ्या आईला बोलायचं होतं. तिने फोन हातात घेतला, मागचं कापड निरखलं आणि विचारलं, "चर खणलाय का भवताली? पाऊस येईल." मुलीने अरबीत सांगितलं. तिच्या आईने फोन खाली वळवून दाखवलं. तंबूभोवती हातभर चर होता, सुबक खणलेला. आई समाधानाने मान हलवत राहिली. नंतर चित्र गोठलं, पण आवाज थोडा वेळ येत होता. आजी पलीकडून बाळाचं नाव घेत होती.

पुढे तिकडे शस्त्रसंधी झाली. मुलीचे वडील चालत जाऊन आपलं घर बघून आले. ढिगाऱ्यातून त्यांना एक कढई मिळाली. ती माणसं अजून तंबूतच आहेत. हिवाळ्यातल्या एका पावसात त्या चरालाही पाणी आवरलं नाही, अंथरुणं भिजली, आणि मुलगी दिवसभर आमच्या घरी बसून होती. पण पीठ मिळू लागलंय आणि आजीचा आवाज भरला आहे.

बाळ आता बसायला लागलंय. गुरुवारी मी तिला गच्चीवर घेऊन जाते. माझी आई गावी परत जायचं नाव काढत नाही. बाळाला दात यायची लक्षणं आहेत, हिरड्यांना काय चोळावं यावर आईचं आणि तंबूतल्या आजीचं एकमत होत नाही. दोघी आपापल्या भाषेत आवाजाचे निरोप पाठवतात. मधे बसलेली मुलगी हल्ली दोघींचं अर्धंच भाषांतर करते, उरलेलं गाळते. काल बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं. फोनमधून आजी तावातावाने बोलत होती, माझी आई तितक्याच तावाने उत्तर देत होती, आणि बाळ एकदा हिच्याकडे, एकदा फोनकडे बघत खिदळत होतं.