पाण्याच्या डागाला मापलेली गाडी

मी एकदा एका भल्यामोठ्या गाडीची उंची भिंतीवरच्या पाण्याच्या डागावरून ठरवली. शिवणकामाची टेप गळ्यात अडकवली, पदर खोचला, सोसायटीच्या गेटजवळच्या खांबाशी ओणवी झाले आणि मागच्या पावसाळ्यात पाणी जिथवर चढलं होतं तो मातकट पट्टा जमिनीपासून मापला. मग गाडीच्या दाराचा उंबरा मापला. पट्टा उंबऱ्याच्या चार बोटं वर निघाला. झालं! गाडी चार इंच उचलायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वॉचमन खुर्चीवरून बघत होता. त्याला वाटलं असणार, ही बाई आता खांबाला परकर शिवणार.

तेव्हा मी एकसष्टची होते. आता सत्तरीत बसून त्या बाईकडे बघते तेव्हा तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण तिचा थाट असा, की थोबाडीत मारणाऱ्याचाच हात दुखावा. साठीनंतर ड्रायव्हिंग शिकलेली, चष्म्याला साखळी लावलेली, मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून दीडशहाणी झालेली. परवा माझी नात नवी गाडी घेऊन आली आणि सहज विचारलं, "आजी, लिफ्ट करायची तर दोन इंच करू की चार?" मी चहा गाळत होते. अर्धा चहा ओट्यावर गेला.

गाडीच्या अंगाखाली लांब स्प्रिंगा आणि लांब शॉकॲब्सॉर्बर घालून तिला चाकांवर उंच करायची, याला सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. आमच्या शांती नगरातल्या बाईला याची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. मी जंगलात जाणार नव्हते की डोंगर चढणार नव्हते. मी स्टेशनपर्यंत जाणार होते.

पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची जुनी छोटी गाडी बाजाराच्या रस्त्यावर पाण्यात बंद पडली होती. मी स्टिअरिंगवर आणि शेजारी हे. आधी पायपुसणं तरंगलं, मग पाणी सीटला लागलं. हे भाईंदरच्या मोरवा गावातले, मिठागरात वाढलेले. त्यांच्या बोलण्यात 'ड'चा 'र' होतो, शहरात पन्नास वर्षं राहूनही तो सुटला नाही. पाय वर घेऊन, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अगो, येवरा पानी मिठागरात आला आसता तं माजा बापूस खूश झाला आसता." मला हसू आलं नाही. मी त्या सीटवर भिजत बसून शपथ घेतली, की यापुढे पाणी आपल्या पायाखाली राहील.

म्हणून ती सेकंडहँड, चारही चाकांनी ओढणारी, म्हशीएवढी गाडी घेतली. आणि ती म्हैसही मला ठेंगणी वाटली.

हायवेला लागून एक गॅरेज होतं. तिथला मालक हसरा, गोड गोड बोलणारा. त्याने माझ्यापुढे तीन पर्याय मांडले, साडीच्या दुकानात घड्या उलगडतात तसे. एक, स्प्रिंगेवर नुसती जाड चकती बसवायची. इंचभर उंची मिळते, गाडीची चाल तीच राहते. दुसरा, नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक, दोन इंच. तिसरा, चार इंच. त्यात खालचे बरेच दांडेही बदलावे लागतात, आणि टायर मोठे.

"आंटी," तो म्हणाला, "दो इंच में काम हो जायेगा. चार इंच में नाम हो जायेगा!"

आता मला सांगा, अशा माणसापुढे कोण दोन इंच म्हणेल?

हे माझ्यामागे उभे होते. तिथे एक उचललेली गाडी होती, नमुन्याला ठेवलेली. ह्यांनी तिचं दार उघडलं, सीटवर तळहात ठेवला, मग खाली वाकून स्वतःच्या चपलेकडे बघितलं. मला वाटलं, बघा, कसे भारावून गेलेत.

"येवरी उंच कशाला गो?" ते म्हणाले.

"अहो, खांबावरचा डाग मापलाय मी. उगाच नाही."

"डाग मापलास व्हय." एवढंच बोलून त्यांनी दार लावून टाकलं.

मालकाने दाराखाली लोखंडी पायरी लावायची का विचारलं. मी नाक मुरडलं. पायरी लावली की ती म्हाताऱ्यांची गाडी दिसते, असं मी म्हणाले. शेजारी सहासष्ट वर्षांचा नवरा उभा असताना म्हणाले. ह्यांच्या लेंग्याचं माप मला तोंडपाठ होतं. कमरेपासून घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत किती, बसल्यावर किती. त्यांचे सगळे लेंगे मीच शिवत आले. टेप माझ्या पर्समध्ये होती. खांब मापला, उंबरा मापला, आणि ज्या माणसाला त्यात चढायचं होतं त्याच्याकडे मान वळवली नाही. त्या बाईच्या हिशेबात आम्ही दोघं कायम त्याच वयाचे राहणार होतो, वाढणार होतं ते फक्त पाणी.

गाडी घरी आली तेव्हा मजा होती. गेटमधून वळताना मला पहिल्या मजल्यावरच्या बायकांच्या गॅलऱ्यांतलं वाळवण दिसायचं. रिक्षावाले बाजूला सरायचे. वळणावर ती डुलायची, होडीसारखी, आणि हे डोळे मिटून दांडी धरून बसायचे. चढताना दारावरचं हँडल पकडायचे आणि मिठागराच्या बांधावर चढावं तशी उडी मारायचे. "हुप्प!" म्हणायचे. मी हसायचे. जुन्या काढलेल्या स्प्रिंगा गॅरेजवाल्याने सोबत बांधून दिल्या होत्या. त्या मी गॅलरीत उभ्या केल्या आणि त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. छान बसली.

मग ह्यांच्या साखरेने मूत्रपिंडं खाल्ली.

हे असं एका ओळीत लिहिता येतं. जगताना तसं नव्हतं. आधी पाय सुजले, मग चेहरा. मग डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं, आणि चुकवायचं नाही असं बजावलं. मशिनवरून उतरलेला माणूस पिळून वाळत टाकलेल्या पंच्यासारखा असतो. पायात जोर नसतो. त्या माणसाला माझ्या चार इंचांवर चढायचं होतं.

"हुप्प" बंद झालं. मी गॅरेजमध्ये जाऊन निमूट पायरी लावून घेतली. तरी पुरेना. मग बाथरूममधलं निळं प्लास्टिकचं स्टूल आलं. स्टुलावर एक पाय, मग पायरीवर, मग मी आतून मनगट धरून ओढायचं आणि वॉचमनने मागून कमरेला हात द्यायचा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. ह्यांची मान खाली. एकदा आत बसल्यावर म्हणाले, "आपला सोफा चरवला तवा पन येवरी मानसं न्हवती."

विनोद होता. मी त्याला विनोद म्हणूनच घेतलं, कारण तसं घेणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर आम्ही रिक्षाने जायला लागलो. दारात म्हैस उभी आणि आम्ही रिक्षात. रिक्षा खड्ड्यात आपटली की ह्यांच्या तोंडून आवाज निघायचा, तो ऐकू येऊ नये म्हणून ते खोकायचे.

"जरा उतरव ना गो गारीला," एक दिवस म्हणाले. "जुन्या स्प्रिंगा हायेत ना कुंडीखाली?"

मी काय म्हणावं? "येऊ दे पाऊस. मग कळेल तुम्हाला, कशासाठी केलीये ते."

गाडी उतरवणं म्हणजे गॅरेजवाल्यापुढे, वॉचमनपुढे, त्या खांबापुढे कबूल करणं, की मी चुकले. नवऱ्यापुढे कबूल करायची तर मला आधीपासूनच सवय नव्हती. मी पावसाची वाट बघत बसले. आजारी माणूस घरात असताना कुणी रस्ता बुडायची वाट बघतं? मी बघितली.

आणि तो दिवस आला. पाऊस आदल्या दुपारपासून होता, सकाळी खाडीला भरती आली आणि पाणी उलटं गटारातून वर यायला लागलं. सणामुळे ह्यांची डायलिसिसची आदली पाळी पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे ते आडवे होऊ शकत नव्हते. उशांना टेकून बसून श्वास घेत होते, तोंडाने. मी सेंटरला फोन लावला. मशीन चालू आहे, लवकर घेऊन या, म्हणाले. रिक्षा एकही नव्हती. रिक्षा सोडा, रस्ताच नव्हता.

मी खाली गेले, गाडी सुरू केली आणि पाण्यातून जिन्यापाशी आणली. उतरून बघितलं. पाणी दाराच्या उंबऱ्याखाली होतं. बरोबर, मापून. आत थेंब नाही. खरं सांगते, मी हसले. इतकं मनापासून त्या वर्षात हसले नव्हते.

वॉचमन ह्यांना धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत घेऊन आला. मी स्टूल खाली ठेवलं, तर स्टूल तरंगायला लागलं. प्लास्टिकचंच ते. एकेक वस्तू मापणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं, की पाणी भरेल तेव्हा स्टूलही पाण्यातच असेल. वॉचमनने ते पायाने दाबून धरलं. मी पलीकडून ड्रायव्हरच्या सीटवर चढले, आडवी झाले आणि ह्यांचं मनगट धरलं. त्यांनी एक पाय स्टुलावर ठेवला. दुसरा पायरीकडे उचलला. पायरी पाण्याखाली, दिसत नव्हती. पाय चाचपत राहिला.

"अजून थोडा वर, अहो, अजून थोडा!"

"हात सोर गो," ते म्हणाले. "तू परशील."

मी सोडला नाही. स्टूल वॉचमनच्या पायाखालून सटकलं, मनगट ओलं होतं, माझ्या हातातून ते आपोआप गेलं. पडले ते कुशीवर, पाण्यात, जिन्याच्या कडेवर. आवाज मोठा झाला नाही. ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात पाणी गेलं.

समोरच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला आपली हातगाडी ढकलत आला. आला तोच हाताने सगळी भाजी आमच्या जिन्यात सारली, कोबी, दुधी, सगळं. "आंटी, पैर पकडो, कमर मैं पकडता है," म्हणाला. आम्ही तिघांनी ह्यांना हातगाडीच्या फळ्यांवर आडवं केलं. वर ताडपत्री. मी बाजूने छत्री धरून मांडीभर पाण्यात चालले. गेटपाशी खांबाजवळून जाताना मागे वळून बघितलं. गाडीचं दार उघडंच होतं. सीटच्या पाठीवर मी ह्यांच्यासाठी टाकलेला टॉवेल कोरडा ठणठणीत होता.

डायलिसिस मिळालं, तेवढं वेळेत झालं. पण खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्यांच्या हृदयाची अवस्था बघून डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार नव्हते. खाटेवरूनच त्यांना मशीनपाशी नेत आणि परत आणत. हे घरी येतील असं मला कुणी म्हटलं नाही. येणार नाहीत असंही म्हटलं नाही. मी काही विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी गॅलरीतली तुळस खाली ठेवली, स्प्रिंगांवरची माती धुतली आणि गाडी गॅरेजला नेली. त्याच हसऱ्या माणसाने विचारलं, "क्या हुआ आंटी, पसंद नहीं आया?" मी म्हटलं, "उतरवा." तो म्हणाला, विकताना उंच गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. मी परत म्हटलं, उतरवा. दिवसभर बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी गाडी खाली आली तेव्हा पर्समधून टेप काढली आणि जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर मापलं. ह्यांच्या लेंग्याचं माप आठवलं. गुडघ्याच्या थोडंसंच वर येत होतं. आरामात बसले असते. सुरुवातीपासून आरामात बसले असते.

ते त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. हॉस्पिटलमधून आले ते दुसऱ्याच गाडीतून, आणि तिला पायरी लागत नाही.

पण त्या संध्याकाळी होते. वॉर्डात गेले तेव्हा जागे होते, नाकात नळी, ओठ फुटलेले. मी खुर्ची ओढून कानाशी बसले आणि सांगितलं, "अहो, गाडी उतरवली मी. जुन्या स्प्रिंगा घातल्या. आता तुमचा पाय सहज पोचेल."

पांघरुणाखालचा आपला पाय त्यांनी बघितला. मग खिडकीकडे. बाहेर परत भरून आलं होतं. माझ्याकडे वळले, आणि गॅरेजमधल्या त्या उचललेल्या गाडीचं दार लावताना होता तोच चेहरा करून म्हणाले, "बरा केलास गो. पन आता पानी भरला तं तू कशी जाशील?"