संडासाच्या गाडीतून औंध-सातारा

जी गाडी प्रत्येक भाड्यानंतर मी आतून-बाहेरून धुते, तिच्यात बसून मी माधवनगरच्या बाहेर पहिल्यांदा गेले ती यंदा, पाऊस सरल्यावर. सकाळ ढगाळ होती. बंद पडलेल्या गिरणीच्या मागे मालकांची शेड आहे, तिथून आम्ही निघालो. गाडी माझा नवरा दस्तगीर चालवतो. मी मागच्या बाकावर ओढणी सावरून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी बसले होते.

अशी गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून ती लहान बससारखी दिसते. आत दोन पलंग, एक शेगडी, हात धुवायचं भांडं आणि अरुंदसा संडास आहे. सहलीला जाणारी माणसं ती भाड्याने नेतात. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या आहेत, एक चांगल्या पाण्याची आणि एक मैल्याची. गाडी परत आली की त्या टाक्या माझ्या. चांगल्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर कालवून ते पाणी सगळ्या नळांतून फिरवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत टाकी खळखळून काढायची. मैल्याची टाकी कधी कोरडी ठेवायची नाही. निघताना तिच्यात थोडं पाणी आणि औषध असलंच पाहिजे, नाहीतर घाण तळाला धरते आणि मग किती पाणी मारलं तरी सुटत नाही. रिकामी केल्यावर साबणाचं पाणी भरून गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने एकदा फिरवून आणली की ती आतून आपोआप घासली जाते. आत एक दिवा आहे, तो मैल्याची टाकी किती भरली ते एकेक घर वर चढून दाखवतो. पण त्याला नुसती उंची कळते, आत काय आहे ते कळत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. माणसांत मला बोलता येत नाही. टाकीशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला बरं वाटतं.

या वेळी मला बरोबर नेलं, कारण भाडं एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. कडेगावजवळच्या एका वस्तीवर त्या राहतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांचा मुलगा संपतराव फौजेत आहे, तो सुट्टीवर आला होता. आक्कांना लघवीचा त्रास. सारखं जावं लागे, अडवून धरलं की जळजळ आणि थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं की भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, असा ताप आणखी एकदा आला तर किडन्यांचं काही खरं नाही. साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. वाटेत औंधला यमाईची ओटी भरायची, एवढा आक्कांचा हट्ट होता. एसटीत बसणं त्यांनी सोडून दिलं होतं, म्हणून लेकाने ही गाडी केली.

निघताना मालक म्हणाले, "आतला संडास गिऱ्हाइकाचा. तुमी दोघांनी भाईर कुठंतरी उरकायचं."

पुरुषाला 'कुठंतरी' सापडतं. मी मान हलवली.

तासगावकडच्या द्राक्षबागा मागे पडल्या. आभाळ इतकं खाली आलं होतं की बागेतली माणसंही वाकूनच चालताहेत असं वाटत होतं. विटा गेलं. कडेगावच्या पुढे आम्ही पांदीत (दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या शेतवाटेत) शिरलो. ऊस दोन्हीकडून गाडीला घासत होता. वस्तीवर पोचलो तर गाडी बघायला माणसं जमली होती.

आक्का इरकली लुगडं नेसून, ओटीची पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या. बांधावरून एक बाई ओरडली, "आवं आक्का, लोकं देवीला नारळ घिऊन जात्यात, तुमी संडास घिऊन निघालाय व्हय!"

सगळे हसले. एका म्हाताऱ्यानं भर घातली, "म्होरं मोटार आन मागं मोरी! राजाला बी आसा थाट नव्हता गड्या."

आक्कांची मान खाली गेली. संपतराव म्हणाला, "हसू दी की गं आये. बर्फात आमच्या चौकीवर ह्ये सुदिक नव्हतं. चल, चढ."

आत आल्यावर आक्कांनी आधी संडासाचं दार उघडून बघितलं. मग मला विचारलं, "आनी ह्ये साचतंय कुठं?"

"खाली. टाकीत."

"काढतंय कोन?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि बाकावर बसल्या.

पुसेसावळीच्या बाजूला ऊस विरळ होत गेला. ज्वारी, उघडे माळ आणि लांबवर पुसट डोंगर. वाटेत एका टपरीवर पुरुषांनी चहा घेतला. आक्कांनी डबा उघडला आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कांद्याची फोड माझ्या हातावर ठेवली. विचारलं नाही, नुसती ठेवली. चटणी तिखट होती. मी थोडीशी खाल्ली आणि बाकीची कागदात गुंडाळली.

आक्का मधून मधून पाण्याची बाटली तोंडाला लावत आणि ती घेऊनच संडासात जात. दार लागे, पाणी सोडल्याचा आवाज येई, मग त्या रिकामी बाटली घेऊन बाहेर येत. दिवा एकेक घर वर चढत होता.

"बघा दस्तगीरभाई," संपतराव ह्यांना म्हणाला, "घरात घोटभर पीत न्हाई, हितं बघा कशी पितीया. मला वाटलंच हुतं, सोय झाली की आये पिनार."

औंधला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. यमाईचं देऊळ डोंगरावर आहे. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. एका बाजूने लेकाने आणि दुसऱ्या बाजूने मी, असं आक्कांना धरून नेलं. वारा फार होता. त्यांचा पदर सारखा माझ्या तोंडावर येत होता. हात गरम लागला, पण चढण्यानं असेल असं वाटलं. त्या आत गेल्या, मी बाहेर कट्ट्यावर थांबले. खाली गाव, तळं आणि पिवळट माळ. सूर्य नव्हता, त्यामुळे कशालाच सावली नव्हती. आक्का बाहेर आल्या तेव्हा कपाळावर मळवट भरलेला होता आणि ओठ सुकून पांढरे पडले होते.

"काय मागितलंस आये?" संपतरावानं विचारलं.

"मागाय न्हवते आले. भेटाय आले हुते," त्या म्हणाल्या.

गाडीत दिवा अर्ध्याच्या वर गेला होता. साताऱ्यात टाकी मोकळी करायला जागा मिळेल न मिळेल, म्हणून ती औंधलाच रिकामी करायचं ठरलं. गावात एका लॉजच्या मागे संडासाचा मोठा खड्डा होता. ह्यांनी तिथल्या माणसाला विचारलं.

"आवं, त्या वढ्याला सोडा की," तो म्हणाला. "कोन बघतंय?"

"खाली जनावरं पाणी पित्यात," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून हेसुद्धा वळून बघायला लागले.

"बरं, टाका त्या खड्ड्यात. पर वास आला तर मी बोंबलनार, सांगून ठिवतो."

मी हातमोजे घातले, पाइप जोडला, बिस्मिल्ला म्हणून व्हॉल्व ओढला. पहिल्या धारेला मी नेहमी श्वास रोखते. धार आली, पण वास आला नाही. औषधाचा निळा रंग तेवढा होता. बाकी पाणी होतं, नळाचं असतं तसं. मी वाट बघितली. शेवटपर्यंत तेच.

लॉजवाला नाक पुढे करून म्हणाला, "ह्याला काय वासच न्हाई की! देवीला जाऊन आली आन टाकी बी पवित्र झाली जनू."

सगळे हसले. मी व्हॉल्व बंद केला, हात धुतले आणि गाडीत चढले. पुरुष बाहेर पाइप धूत होते. आक्का पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"आक्का, तुमी पाणी पीत न्हाई," मी म्हटलं.

"पितीया की. बाटली मोकळी हाय, बघ."

"संडासाच्या भांड्यात वतलीया."

त्यांनी वर पाहिलं. "कुनी सांगितलं?"

"खाली नुसतं पाणी आलं. तुमी गेलाच न्हाई."

त्यांनी पदरानं ओठ पुसले. मग म्हणाल्या, "लेकाला फसवलं, देवीला फसवलं, आन तुझ्या टाकीनं चाडी केली. आगं, मी माझ्या सासूचं काढलंय. ती रोज माझ्यापुढं तोंड झाकून रडायची. परक्याच्या लेकीकडनं माझं काढून घ्यायचं व्हय? त्यापरीस मेलेलं बरं."

"माझं कामच हाय ते."

"काम हाय तर तू का जात न्हाईस?" त्या एकदम म्हणाल्या. "सकाळधरनं तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला न्हाई. भाकर सुदिक कोरडी कुरतडलीस. मी काय आंधळी हाय?"

बाईमाणसानं प्रवासाला निघताना पाणी पिऊ नये, हे आईनं लहानपणी सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्याकडच्या सगळ्या बायका अशाच जातात, लग्नाला, दवाखान्यात, मयतीला. घर सोडताना कुलूप लावावं तशी ती सवय आहे. दुसऱ्याचं न पिणं मी टाकीवरून ओळखलं, आणि माझं मला दिसलं नव्हतं.

"आमाला परवानगी न्हाई," मी शेवटी म्हटलं.

"म्हंजे माझी घाण तू काढायची, आन तुझी हितं चालत न्हाई? मग मी कुठल्या तोंडानं जाऊ?" त्यांनी बाटली नळाखाली भरली, पाणी फुलपात्रात ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. "पी. तू पी, मग मी पिते. तू जा, मग मी जाते."

मी खिडकीबाहेर पाहिलं. हे पाइप गुंडाळत होते. मी प्यायले. आक्काही प्यायल्या, तोंड वाकडं करून, औषध प्यावं तसं. रहिमतपूरच्या रस्त्याला लागल्यावर मी पहिल्यांदा त्या संडासात गेले आणि आतून कडी लावली. तिथलं सगळं मी वाकून घासलेलं होतं. बसल्यावर छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग दिसला. तो मी कधी पाहिलाच नव्हता.

बाहेरून आक्कांनी दार वाजवलं. "झालं का? सरक, माझा लंबर."

परत येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, "आता एकात एक मिसळलं. कुनाचं कुनी काढलं ते देवीला बी कळायचं न्हाई." आणि हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग त्या पीत राहिल्या. जाऊन आल्या की मला हळूच सांगायच्या, "गेले गं." पण हसणं फार टिकलं नाही. रहिमतपूर सोडल्यावर त्यांना हुडहुडी भरली. घोंगडं घातलं, माझी ओढणी वरून घातली, तरी दात वाजायचे थांबेनात. फुलपात्र ओठांना लागून टकटक वाजत होतं. अजिंक्यतारा दिसला तेव्हा त्याच्या माथ्यावर ढग बसले होते. संपतराव समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर बाहेर येऊन संपतरावाशी बोलले आणि तो भिंतीला टेकला.

"ठिवून घेत्यात," तो आम्हाला म्हणाला. "दोन्ही किडन्यांवर आलंय." मग तो डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टर, सकाळधरनं एवढं पाणी पिली ओ ती. मग आसं कसं झालं?"

आक्का आतल्या खाटेवरून, उघड्या दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली. सांगू नको, असं.

मी डॉक्टरांकडे बघून म्हटलं, "औंधपर्यंत पीत नव्हत्या. ओतून टाकत होत्या. त्यानंतर पित्यात."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि आत गेले. आक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संपतराव खाली फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी गाडी केली. आख्खी गाडी केली तिच्यासाठी." तेच त्यानं पुन्हा म्हटलं, कुणालाच उद्देशून नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकामी गाडी घेऊन कराडच्या रस्त्याने परत निघालो. हायवेचं काम चालू होतं, धूळ होती. मी पुढे, ह्यांच्या शेजारी बसले.

"मालकांना कळाय नको," हे म्हणाले.

"काय?"

"तू आत गेलतीस ते."

थोड्या वेळानं ह्यांनी एका हॉटेलापाशी गाडी थांबवली, पण खाली उतरले नाहीत. मागच्या दाराकडे हात केला आणि म्हणाले, "जायचं आसलं तर जा."

शेडवर येऊन मी टाकी उघडली. या वेळी वास आला, आजारी माणसाच्या अंथरुणाला येतो तसा. मी श्वास रोखला नाही. साबणाचं पाणी भरलं, ह्यांनी गाडी गिरणीच्या खड्ड्यांतून फिरवून आणली, पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं. मग छताचा तो डाग पुसला.

पुढे एके दिवशी ह्यांच्या मोबाइलवर संपतरावाचा फोन आला. सुट्टी वाढवून घेतली होती. आक्कांना रक्त धुवायचं मशीन लावायला लागलं होतं. माझ्याशी बोलायला आक्कांनी त्याच्याकडून फोन मागून घेतला.

"पोरी, आता प्यावं वाटतंय तर दीनात," त्या म्हणाल्या. आवाज लांबून आल्यासारखा. "डॉक्टर म्हनला पाणी मोजून. वाटीनं देत्यात. जीभ टाळूला चिकटती. जन्मभर नको म्हनलं, आता मागते तर न्हाई म्हनत्यात."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"तू पितीस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि खाली बसून तांब्याभर पाणी प्यायले. गोड लागलं नाही. त्या प्रवासात मी औंधचा डोंगर पाहिला, साताऱ्याचा किल्ला पाहिला. घरात कुणी विचारलं तर तेच सांगते. आतल्या संडासाबद्दल मालकांशी बोलायचं आहे. वाक्यं मनात जुळवते, शेडच्या दारापर्यंत जाते, मालक "काय गं?" म्हणतात, आणि मी म्हणते, "ब्लिचिंग पावडर संपलीया."