कंपनीचा कॅप्टन

दार कितीही उंच असू द्या, तो मान वाकवूनच आत यायचा. आमच्या शेडच्या दारातून ट्रक जायचा, तिथेही हा वाकायचा. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, कारण कंपनीच्या बास्केटबॉल टीमचा तो कॅप्टन होता.

चिंचवडच्या आमच्या कंपनीने त्याला बीडकडून खेळासाठीच उचलून आणला. कागदावर मात्र हेल्पर. आम्ही लेथवर घाम गाळायचो आणि दुपारचा चहा झाला की हा मैदानावर. कँटीनमध्ये त्याला दूध, अंडी. कप जिंकून आणला की साहेब पाठीवर थाप मारायचे, पाकीट द्यायचे. ते पाकीट आम्हा मित्रांना मटण खाऊ घालण्यात संपायचं.

दरवर्षी ट्रेड टेस्ट असायची. लेथवर एक नग काढून दाखवायचा. पास झालं की हेल्परचा ऑपरेटर, पगार वर. नेमका तेव्हा हा कुठे तरी मॅच खेळत असायचा. मी कानीकपाळी ओरडायचो, की बाबा, एकदा टेस्ट देऊन टाक, हा बॉल काय जन्मभर पुरायचा नाही.

"कंपनी बघून घेईल, राव," तो म्हणायचा.

घेतलं ना बघून! गुडघा गेला, तसा हातात झाडू आला. लेथखालचा लोखंडी कीस गोळा करायचा. त्याच्या मागून लागलेली पोरं ऑपरेटर झाली होती, ती त्याला 'कॅप्टन, इकडे झाड' म्हणून हुकूम सोडायची. माझं डोकं फिरायचं. तो गुमान झाडायचा.

मग हेल्पर कमी करणार अशी आवई उठली. थेरगावात भाड्याची खोली, बायको, दोन मुली. आता मात्र तो घाबरला. शिफ्ट सुटल्यावर मी त्याला लेथ शिकवायला लागलो. चाळिशीला आलेला गडी, पण हात बसला. नग अगदी मापात उतरायला लागला.

टेस्टच्या दिवशी त्याचा नग अर्धा झाला होता, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. मैदानावर फायनल होती, मोठे साहेब मुंबईहून आले होते आणि जुन्या कॅप्टनचा सत्कार ठरला होता. मी त्याचा हात धरला. म्हटलं, जाऊ नकोस, सत्कार काय पळून जात नाही.

"साहेबांनी बोलावलंय, राव. नाही कसं म्हणू?"

मशीन बंद करून, हात पुसून गेला. शाल-नारळ घेऊन परत आला तोवर टेस्ट घेणारे निघून गेले होते. फोरमन म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष कुठलं आलंय! हेल्पर काढले, त्यात हा पहिला. सत्कारात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. आजही आठवलं की माझ्या तोंडात शिवीच येते.

नंतर एकदाच भेटला. दिघीला एका गोदामावर वॉचमन होता. खाकी पँट पोटऱ्यांपर्यंतच पोचत होती. चहा घेतला, मुलींची चौकशी झाली. मी कंपनीला शिव्या घालायला लागलो तर त्याने मलाच अडवलं. निघताना हळूच विचारलं,

"यंदा आपली टीम कशी आहे?"

आपली म्हणाला, बघा. त्याला काढलं त्याच वर्षी कंपनीने ती टीम मोडली होती आणि मैदानावर साहेबांच्या स्कूटर लागत होत्या.

"चांगली आहे," मी म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.