गेनरच्या हक्काचे पैसे

शाळेच्या स्वयंपाकघरात गेनर माझ्या शेजारी उभी राहून पोरांना कुस्करलेला बटाटा वाढते. तिचा पहिला नवरा डॅरेन. घरात आलेला पैसा त्याच्या हाताला लागला की गेलाच. एकच रक्कम त्याला कधी गवसली नाही: पोरीसाठी सरकार आईच्या नावावर देतं तो भत्ता. त्यातून गेनरने कर्स्टीला बूट घेतले, कोट घेतले, आणि डॅरेनला घराबाहेर काढलं तेव्हा कुलूप बदलायचे पैसेही त्यातूनच आले. त्या पैशांना कोणी हात लावलेला तिला खपत नाही. मला तरी कुठे खपला असता?

मग नेव्हिल आला. इंग्लंडातल्या आमच्या बॅरो गावच्या गोदीतला वेल्डर, अबोल माणूस, आपला चहा आपण करून पिणारा. तो तिच्याकडे राहायला आला आणि त्याच वर्षी गोदीत पाणबुडीचं काम निघालं, ओव्हरटाइम मिळायला लागला. आम्ही म्हटलं, बाईचं नशीब उघडलं. कसलं उघडतंय! टॅक्सवाल्यांचं पत्र आलं, तेही नेव्हिलला. तुमची कमाई मर्यादेच्या वर गेली आहे, घरात येणारा मुलीचा भत्ता तुम्ही करातून परत करा.

पोर डॅरेनची, भत्ता गेनरचा आणि भरणार नेव्हिल. का, तर तो त्या घरात राहतो. डॅरेन दोन गल्ल्या पलीकडे नवी व्हॅन मिरवतो, त्याला काही नाही. गेनरच्या समोरच्या घरात नवरा-बायको दोघंही एकेकटे मर्यादेच्या जरासंच खाली कमावतात, मिळून नेव्हिलपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांचा भत्ता शाबूत. हा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा.

गेनरने जेवणाच्या सुट्टीत टॅक्सवाल्यांना फोन लावला. मी बाजूलाच होते.

"हा नेव्हिल यांच्या कराचा विषय आहे," पलीकडचा पोरगा म्हणाला, "तुमच्याशी बोलता येणार नाही."

"अहो, पोरगी माझी, भत्ता माझ्या नावावर!"

"त्यांनाच फोन करायला सांगा."

गेनरने डाव असा आपटला की कस्टर्ड माझ्या ॲप्रनवर उडालं. मलाही काहीतरी आपटायचंच होतं.

पुढचं तिनेच मला सांगितलं. आमच्या बापांच्या काळी शुक्रवारी पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या पुढ्यात ठेवायची रीत होती. आता पगार बँकेत जातो. नेव्हिलने मुद्दाम रोख काढली, लिफाफ्यात घातली आणि टेबलावर ठेवली.

"घे, सगळा पगार आहे. टॅक्सवाल्यांचं काय ते भर, बाकी तुझं."

"उचल ते."

"अगं, माझा बाप असाच..."

"तुझा बाप ठेवायचा आणि तुझी आई घ्यायची. उद्या तू ठेवला नाहीस तर? ते एकच माझं होतं, नेव्ह. कोणाकडे मागावं न लागणारं."

"मग भत्ताच बंद कर ना. कटकट मिटली."

ती त्याच्याशी रविवारपर्यंत बोलली नाही. नेव्हिल वाईट माणूस नाही. पण हात सैल सोडला की सगळं मिटलं, असं या पुरुषांना वाटतं, आणि त्याचाच मला संताप येतो.

भत्ता तिने बंद केला नाही.

शाळा उघडायच्या आधी आम्ही सगळे बुटांच्या दुकानात भेटलो, मी नातवाला घेऊन गेले होते. कर्स्टीने बूट पसंत केले. नेव्हिलचा हात सवयीने खिशाकडे गेला. गेनरने तो धरून खाली केला आणि आपलं कार्ड पुढे केलं.

कर्स्टी तेरा वर्षांची, तिला सगळं कळतं. "पण जानेवारीत टॅक्स नेव्हच भरणार ना? म्हणजे हे बूट त्याचेच."

नेव्हिलचा चेहरा लालबुंद झाला. "बूट तुझ्या आईने घेतलेत," तो म्हणाला, "माझ्याकडून कोणी काहीही उकळो."

"आणि बाबा?"

गेनर खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही, फक्त गाठ करकचून आवळली.

"तुझ्या बापाला कोणी काही विचारलेलंच नाही, पोरी."