न उचललेला भंडारा

ह्यांची दारू सुटली तेव्हा मी अख्ख्या पिंपळवंडीत पेढे वाटले होते. खंडोबासमोर भंडारा उचलून ह्यांनी शपथ घेतली आणि पाळलीही. मला वाटलं, सुटले बाई एकदाची! पण पुढे हे तासन् तास मोबाईल घेऊन विहिरीवरच्या खोलीत दार लावून बसू लागले. माल घेऊन बाजाराला गेले की दिवस मावळला तरी परतायचे नाहीत. लॉजवर बायांकडे जातात हे बाजारातूनच माझ्या कानावर आलं. दारुड्याची बायको म्हणून लोक निदान कीव करायचे. हे कुणाला सांगणार? मी मेली कुठे कमी पडले, एवढंच डोक्यात घोळायचं.

शेवटी ह्यांना पुन्हा त्याच देवळात नेलं. म्हटलं, उचला भंडारा, नाहीतर मी माहेरी चालले. ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"न्हाई उचलायचो. मोडंल गं माझ्याकडनं. दारू सोडल्यापास्नं ह्ये लई वाढलंय. नको वाटतं, तरी थांबताच येत न्हाई."

"मंग दारूच प्यायची व्हती तुमी!" मी देवासमोरच ओरडले आणि ढसाढसा रडले. ज्या देवावर भिस्त होती, त्याच्या दारातून मी रिकामी परतणार होते.

खांबाला टेकून एक बाई बसली होती. आंबेगावकडून नैवेद्य घेऊन आलेली, ना ओळख ना पाळख. ती सरकून माझ्याजवळ आली. "माज्या भावाची दारू सुटली आन् जुगार लागला, बाई. डाक्टर म्हनले, तलप तशीच राह्यली, तिनं दुसरी वाट धरली. तुज्या मालकाचंबी तसंच दिसतंय. पर त्यो आजारी हाय म्हून तुजं दुखनं खोटं व्हत नाय." मंचरच्या त्या डॉक्टरांचा पत्ता तिने ह्यांना नीट समजावून सांगितला. ती पुन्हा कधी दिसली नाही. देवच आला होता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी मला हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं?

हे आता डॉक्टरांकडे जातात. मधे दोनदा घसरले, ते त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. माझंही रक्त तपासायला लागलं. देवाच्या दयेने काही निघालं नाही, पण मन फाटलं ते फाटलंच. अजून मी वेगळ्या खोलीत निजते.

ह्यांनी खोटी शपथ घेतली नाही, हीच देवाची कृपा, असं आता वाटतं. घेतली असती तर मी पुन्हा पेढे वाटत फिरले असते. ह्यांना बरं करणं माझ्या हातात नाही. ते ओझं मी खंडोबाच्या पायरीवर ठेवलं. इतकी वर्षं ह्यांच्यासाठीच मागत आले होते. मग पहिल्यांदाच स्वतःसाठी मागितलं. देवा, मला झोप लागू दे. लागते आता, थोडी थोडी. तुझे लई उपकार.